डाव्या हाताची केबिन

स्वारगेटला राहणाऱ्या माणसाला प्रवासाचं कौतुक फारसं उरत नाही. चोवीस तास एस.टी.चे हॉर्न, रिक्षावाल्यांचं "कात्रज, कात्रज", पहाटे चारला बॅगा ओढत जाणारी मंडळी, आणि सप्टेंबर २०२४ पासून तर जमिनीखालून मेट्रोसुद्धा. सगळं जग आमच्या दारावरून कुठे ना कुठे निघालेलं असतं, आम्ही आपले गॅलरीत उभे राहून चहा पितो. तर अशा आमच्या घरात गेल्या महिन्यात क्रूझचा बेत शिजायला लागला.

निमित्त आई-बाबांच्या लग्नाच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाचं. हॉल घ्यायचा, दोनशे माणसं जेवायला घालायची, आहेर-बिहेर... हे बाबांनी आधीच मोडीत काढलं होतं. मग चिरंजीवांनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. मुंबईहून संध्याकाळी निघायचं, रात्रभर समुद्रात, सकाळी गोवा. सौ. म्हणाली, "आई-बाबांना झेपेल. चालायचं नाही, गाडीत हाडं खिळखिळी व्हायची नाहीत, बसल्या जागी जेवण." मला पटलं.

आता आम्हा पुणेकरांचा आणि पाण्याचा संबंध तो केवढा! आमच्या घरापासून सर्वांत जवळचं बेट म्हणजे सारसबागेतला तळ्यातला गणपती. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं आणि मधे बेट ठेवलं. पुढे तळं गेलं, बाग आली, बेट नावापुरतं उरलं. सौ. अस्सल सदाशिव पेठी असल्यामुळे ती हे कौतुकाने सांगायला गेली. बाबा विजयदुर्गाकडचे. ते लगेच म्हणाले, "हो हो, त्याच नानासाहेबांनी १७५६ साली इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचं आरमार आमच्या विजयदुर्गात जाळवलं. तुम्हाला तळीच बरी." सूनबाई गप्प. आमच्या घरात हे युद्ध अधूनमधून चालूच असतं, त्यामुळे काळजी नसावी.

असो. मी कामाला लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही की जाहिरातीतला आकडा आणि शेवटी द्यायचा आकडा यांची फक्त तोंडओळख असते. त्यात बंदराचे पैसे, सेवाशुल्क, जीएसटी असं एकेक चढत जातं. दुसरी गोष्ट केबिनची. सगळ्यात स्वस्त ती आतली, तिला खिडकीच नाही. मग खिडकीवाली, मग बाल्कनीवाली. मी व्यवहारी माणूस. म्हटलं, झोपायलाच तर जायचंय, आतली घेऊ. तिसरी गोष्ट मुंबईला वेळेत पोहोचण्याची. जहाज सुटायच्या काही तास आधी चेक-इन बंद होतं, आणि एक्स्प्रेस वेवर घाटात गाडी अडकली तर कप्तान काही आपल्यासाठी थांबणार नाही. त्यामुळे आदल्या दिवशी स्वारगेटहून शिवनेरीने दादर, डोंबिवलीला आत्याकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी निवांत बॅलार्ड पियरला. तिथलं नवं क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, तेही बघून होईल.

हे सगळं मी कागदावर मांडून बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि एकच प्रश्न विचारला.

"विजयदुर्ग किती वाजता येणार?"

मी म्हटलं, "बाबा, ती तिथे थांबत नाही. थेट गोवा."

"थांबत नाही ते कळलं रे. समोरून कधी जाणार?"

तुमच्यातल्या तरुण मंडळींसाठी सांगतो. मुंबई ते पणजी अशी बोट पूर्वी रोजच्या वापरातली होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. डेकवर सतरंजी पसरायची आणि जागा धरायची. बऱ्याच बंदरांत बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या हे सगळं पडावातून ने-आण होई. लाटेवर पडाव वर आला की उडी मारायची, चुकली की संपलं. पावसाळ्यात सगळं बंद. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा संपली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बोटीची गरजही कुणाला उरली नाही. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची मुंबई-गोवा बोट मोठ्या थाटात निघाली, पण तीही काही वर्षं टिकली नाही. आता 'कॉर्डेलिया'चं जहाज २०२१ पासून मुंबईहून जातं. त्यावर पोहण्याचा तलाव आहे, नाटकाचं थिएटर आहे. फक्त मधली बंदरं नाहीत.

बाबा १९६१ साली मॅट्रिक होऊन याच बोटीने मुंबईला आले. तिथून दोन वर्षांनी पुण्याला, पिंपरीच्या कारखान्यात. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्या संध्याकाळी कळलं, आणि तेसुद्धा मी तारखेचं विचारलं म्हणून. म्हटलं, "फेब्रुवारी चालेल?" तर म्हणाले, "चालेल. पावसाळा नको. पावसाळ्यात बोट बंद असते." मी हसून म्हटलं, "बाबा, आता तसं..." पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

जुलै १९६८. आजी आजारी असल्याची तार आली. बाबा तसेच अंगावरच्या कपड्यांनिशी स्वारगेटला आले. कोल्हापूरपर्यंत गाडी मिळाली. पुढे घाटात दरड कोसळलेली. एक रात्र स्टँडवर काढली. दुसऱ्या दिवशी काही अंतर पायी, मग एका ट्रकने तळेऱ्यापर्यंत, तिथे परत नदीला पाणी. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. "बोट चालू असती," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी पोहोचलो असतो." एवढंच. मग त्यांनी चष्मा काढून घडी घातली आणि आईला विचारलं, जेवायला काय आहे.

आई आत स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून मला दोनदाच बोललेत हे."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी विचार करत होतो, की आपण ज्या समुद्राकडे मजा म्हणून जातोय तो या माणसासाठी रस्ता होता. आपल्याला जसं स्वारगेट, तसं त्यांना बंदर. आणि तो रस्ता दरवर्षी चार महिने बंद व्हायचा, तेव्हा घरसुद्धा बंद व्हायचं. इतकी वर्षं बाबा स्टँडच्या बाजूच्या गॅलरीत का बसत नाहीत, आतल्या खोलीतच पेपर का वाचतात, याला मी आवाजाचं कारण लावत होतो. असेलही तेच. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

अमेरिकेतून दादाचा फोन आला. त्याचं म्हणणं, ब्याऐंशीव्या वर्षी, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला भर समुद्रात न्यायचं म्हणजे वेडेपणा. काही झालं तर? त्याचं चुकत नाही. लांब असला की काळजी दुप्पट होते. मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तपासण्या करून घेतल्या, गोळ्यांची यादी दिली, आईसाठी बोट लागू नये म्हणून गोळी दिली आणि म्हणाले, "नेऊन आणा." दादाला हे सगळं कळवलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाल्कनीवाली घे. फरकाचे पैसे मी पाठवतो."

आता खरी गंमत. चिरंजीवांनी नकाशा काढून हिशोब केला. मुंबईहून विजयदुर्ग म्हणजे गोव्याच्या वाटेवरचा साधारण दोन तृतीयांश टप्पा. संध्याकाळी निघालं तर तो पहाटेच्या सुमारास येणार. म्हणजे अंधार. शिवाय हे जहाज जुन्या बोटीसारखं किनारा धरून जात नाही, दीपगृहाचा दिवा दिसेल न दिसेल. हे मी बाबांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "दिसला नाही तरी कुठल्या बाजूला आहे ते मला कळेल."

बाजू! हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला. म्हणजे केबिन जहाजाच्या डाव्या अंगाची हवी, नाहीतर बाबा बाल्कनीत बसून रात्रभर अरबस्तानाकडे बघत राहणार! बुकिंगवाल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सर, दोन्हीकडून सी-व्ह्यू सेमच आहे." तिला काय आणि किती सांगणार? म्हटलं, "ताई, असेल सेम, पण आम्हाला डावीकडचीच द्या." तिने बिचारीने नंबर शोधून दिला.

तर बेत पक्का झाला आहे. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. आईने लाडवांची तयारी आत्तापासून काढली आहे (जहाजावर चार वेळा खायला मिळतं हे तिला पटत नाही). सौ.ने बाबांना बाल्कनीसाठी गरम शाल आणली, त्यावर ते "पुण्याची थंडी काय कमी असते?" असं म्हणाले, पण शाल कपाटात नीट ठेवली आहे. पहाटे त्यांच्याबरोबर बाल्कनीत कोण बसणार यावर अजून एकमत झालेलं नाही. माझ्या मते कुणीच बसू नये. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर असलं म्हणजे पुरे.

आपल्या नातेवाइकांपैकी कुणी त्या जुन्या बोटीने आलं-गेलं असेल तर मला जरूर कळवा. विशेषतः देवगड-मालवणची मंडळी. जे लिहाल ते बाबांना वाचून दाखवीन.