रवणीची कोंबडी

परसात दाणे टिपीत हिंडणारी, पाऊल वाजताच पंख फडफडवीत दूर पळणारी देशी कोंबडी अंड्यांचा एक फेर पुरा करून खुडूक झाली, की तिच्या ठायी जे स्थित्यंतर घडते, तितके संपूर्ण स्थित्यंतर अन्य कोणत्याही पाळीव प्राण्यात माझ्या पाहण्यात आलेले नाही. अन्नावरची तिची वासना उडते, स्वर घोगरा होतो, अंगावरची पिसे फुलारतात आणि पोटाखालची पिसे झडून तेथली उष्ण त्वचा उघडी पडते, ती अशासाठी की अंडे आणि रक्त यांच्यामध्ये पिसांचा आडपडदा राहू नये. या साऱ्याच्या मुळाशी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक असते असे शास्त्र सांगते. आणि मानवी मातेच्या देहात दूध निर्माण करणारे संप्रेरकही तेच, हे प्रथम वाचनात आले तेव्हा मला माझ्या आजीची आठवण झाली, कारण रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या कोंबडीला ती बाळंतिणीच्याच अदबीने वागवीत असे.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या कुणब्याच्या घरात जमिनीचा हिशेब आजोबांच्या दप्तरात असे; खुराड्याचा जमाखर्च मात्र आजीच्या जिभेवर असे आणि त्यात ढवळाढवळ करण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. आठवड्याच्या बाजारात अंडी विकून येणारे पैसे हाच तिच्या हाती असलेला एकमेव स्वतंत्र वसूल. पावसाळ्यात खुडूक झालेली कोंबडी ती सहसा बसवीत नसे, कारण दमट हवेत पिल्ले जगत नाहीत. दिवाळीनंतरपासून शिमग्यापर्यंतचा काळ तिने या कामी मुक्रर केलेला होता. शेजारीपाजारी अवेळी बसलेल्या कोंबडीची खुडूक मोडण्यासाठी तिला थंड पाण्यात बुचकळीत किंवा तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवीत. आजी तसे करीत नसे, ती तिला दोन-चार दिवस उघड्या, हवेशीर पाटीखाली झाकून ठेवी आणि तेवढ्यानेही काम भागे.

बसवण्याचा विधी ठरलेला होता. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जुनी पाटी, तळाशी चुलीतली राख, तिच्यावर भाताचा पेंढा, उवा होऊ नयेत म्हणून निरगुडीचा पाला, आणि मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा. खिळ्याचा गुण मला कधी पटला नाही, राखेचा मात्र पूर्ण पटला आहे. अंडी विषम संख्येने, नऊ किंवा अकरा, आणि तीही गेल्या आठ-दहा दिवसांतलीच. तोवर ती माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असत. या वाळूत किती शहाणपण होते हे मला फार उशिरा उमगले: अंड्यातला गर्भ थंडाव्यात वाढ थांबवून निद्रिस्त राहतो आणि ऊब मिळताच जागा होतो, म्हणूनच निरनिराळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी फुटतात. सातव्या-आठव्या रात्री आजी चिमणीच्या उजेडासमोर एकेक अंडे मुठीत धरून पाही. ज्यात तांबड्या शिरांचे कोळिष्टक दिसे ते परत पाटीत जाई, आणि जे नुसतेच पिवळट उजळे ते बाजूला काढले जाई.

त्यानंतर कोंबडीला कुणी हात लावावयाचा नाही, असा घरात हुकूम असे. ती दिवसातून एकदाच उठे, घाईघाईने कण्या टिपून पाणी पिई, राखेत अंग घोळी आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा जागेवर रुजू होई. चोचीने अंडी फिरवणे, कडेची मध्ये आणि मधली कडेला सारणे, हे तिचे काम दिवसरात्र चाले. विसाव्या दिवशी आजी एखादे अंडे माझ्या कानाशी लावी. कवचाच्या आतून क्षीण, पण निःसंशय असा आवाज येई, आणि पाटीतून कोंबडी त्याला हलक्या, अखंड कुरकुरीने उत्तर देई. जन्मापूर्वीच मायलेकरांची बोली सुरू झालेली असे. एकविसाव्या दिवशी अंड्याच्या जाड टोकाशी तांदळाच्या कणीएवढा तडा जाई आणि त्यानंतर कित्येक तास काहीच घडत नसे. माझी बोटे शिवशिवत, पण आजी तत्क्षणी माझा हात धरी. अंतस्त्वचेतल्या शिरांत तेव्हा अद्याप रक्त वाहत असते आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. त्या विश्रांतीत कवच सोलणारा दयाळू माणूस पिल्लाचा जीव घेतो. तोच बलक त्याला पुढचे दोन दिवस अन्नावाचून तग धरू देतो, आणि म्हणून मागाहून फुटणाऱ्या अंड्यांसाठी आई निश्चिंतपणे बसून राहू शकते.

महसूल खात्यातल्या नोकरीत बदल्या होत गेल्या आणि कोंबड्या सुटल्या. मध्यंतरी एका सरकारी अंडी उबवणी केंद्राची यंत्रे पाहण्याचा योग आला. फळ्यांवर हजारो अंडी रांगेने मांडलेली, उष्णता साडेसदतीस अंशांवर स्थिर, आणि ठराविक वेळाने सर्व फळ्या एकदम कलत. मी त्या योजकतेला मनोमन वंदन केले. मनुष्याची ही धडपड प्राचीन आहे. मिसर देशात शेणाच्या जाळावर चालणाऱ्या मातीच्या भट्ट्यांतून अंडी उबवण्याची वहिवाट शतकानुशतकांची, आणि तेथले कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब जोखीत. परंतु यंत्राच्या या सोयीपायी कोंबडीतली उबवण्याची वृत्तीच निवडीने काढून टाकण्यात आली. खुडूक कोंबडी कित्येक आठवडे अंडी देत नाही, हा व्यापाराच्या दृष्टीने तोटा. वर्षाला पावणेतीनशेच्या वर अंडी देणारी लेगहॉर्न क्वचितच रवणीला बसते. आमची गावठी कोंबडी त्याच्या चौथाईनेही अंडी देत नाही, पण ती स्वतःची प्रजा स्वतः वाढवते. गरीब बाईच्या परसात हा भेद फार मोठा आहे, कारण जिथे कोंबडी बसत नाही तिथे प्रत्येक नव्या पिल्लासाठी रोकड मोजावी लागते.

सेवानिवृत्त होऊन गावी परतल्यावर मी पुन्हा खुराडे बांधले, आणि लहानपणी न दिसलेली गोष्ट आता सावकाश पाहावयास मिळाली: उबवणे हा या कार्याचा निम्माच भाग आहे. एकदा केंद्रातून आणलेली एक दिवसाची पिल्ले मी रात्रीच्या काळोखात रवणीवरच्या कोंबडीखाली एकेक करून सरकवली आणि अंडी काढून घेतली. सकाळी ती त्यांना पोटच्या पोरांसारखी घेऊन अंगणात उतरली. दिव्याखाली वाढणाऱ्या पिल्लाला ऊब मिळते, पण दाणा उचलून, टाकून, विशिष्ट स्वरात हाक घालून हे खाद्य आहे असे सांगणारे कुणी मिळत नाही. ओले शेण आणि पेंढा भरून रात्री पालथ्या घातलेल्या मडक्याला लागलेली वाळवी मी सकाळी झटकली, तेव्हा तिने स्वतः एकही किडा गिळला नाही; तुकडे करकरून ती पिल्लांपुढे टाकीत राहिली. आकाशात घार दिसताच तिचा स्वर लांब आणि कर्कश झाला, आणि यंत्राच्या पोटी जन्मलेली ती पोरे क्षणार्धात करवंदीच्या जाळीत दिसेनाशी झाली. सुमारे दोन महिन्यांनी तिने त्यांना टोचून दूर केले आणि पुन्हा अंड्यावर आली.

खालच्या वाडीतल्या एका वहिनींनी गेल्या महिन्यात तीच कोंबडी अर्धेलीने मागितली. बसवणे, जपणे त्यांचे, आणि पिल्ले निम्मी-निम्मी. गावातला हा जुना दस्तूर माझ्या समजुतीप्रमाणे कधीच बरखास्त झाला होता. मी आनंदाने कोंबडी दिली, सोबत अकरा अंडी दिली. माझ्या वाट्याला येणाऱ्या पिल्लांतल्या तलंगा, म्हणजे माद्या, मात्र सगळ्या त्यांनीच ठेवाव्यात, एवढी एक अट मी घातली आहे.