तीनशे रुपयांची बचत



आपली चूक चारचौघांत सांगणे सोपे नसते. पण जी चूक माझ्या हातून झाली ती उद्या तुमच्या घरात होऊ नये, म्हणून सांगते.

२०२३ ची गोष्ट. त्या वर्षी अशोक विजयादशमी २४ ऑक्टोबरला होती. आमच्या पुंडलिकनगरातल्या पाच कुटुंबांनी दीक्षाभूमीला जायचे ठरवले. त्यात तीन कुटुंबे एकाच मावशींच्या गोतावळ्यातली. मावशींनी तरुणपणी नागपूरच्या मोकळ्या मैदानात भाकरीचे गाठोडे उशाशी घेऊन रात्री काढलेल्या. आता वय सत्तरीपुढे, गुडघे धरलेले. त्यांच्यासाठी तळमजल्यावरचे, आतच संडास असलेले घर हवे होते. दसऱ्याला नागपुरात लाखोंचा जनसागर लोटतो, ऐनवेळी जागा कुठली मिळायची? म्हणून मोबाईलवरून तीन रात्रींसाठी एक घर भाड्याने घ्यायचे ठरले. पैसे गोळा करण्याचे आणि घर ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. मी बी.कॉम. झालेली, कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर बसणारी. लोकांचा विश्वास होता.

त्या घराचे दोन दर होते. एक १५,००० रुपये, दुसरा १३,५००. घर तेच, खोल्या त्याच. स्वस्त दराखाली बारीक अक्षरात 'परतावा नाही' असे लिहिलेले होते. मी ते पाहिले, पण वाचले नाही. माणशी नव्हे, घरटी तीनशे रुपये वाचतात एवढेच मला दिसले. चौकोनात खूण केली, पैसे भरले आणि मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगितले, "बघा, दीड हजार वाचवले!"

निघायला चार दिवस असताना मावशी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. घाटीत भरती करावे लागले. त्यांची तीन कुटुंबे दवाखान्यात, उरलेल्या दोघांचेही मन लागेना. मी बुकिंग रद्द केले. परत किती आले? साफसफाईचे म्हणून घेतलेले ७५० रुपये. बाकीचे १२,७५० रुपये गेले. कंपनीला फोन केला, मावशींचे दवाखान्याचे कागद पाठवले. उत्तर आले की, आपण मान्य केलेल्या अटीनुसार परतावा देता येत नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी हिशेब मांडला आणि सगळी रक्कम माझ्या पगारातून भरून देते म्हणाले. तेव्हा आमच्या बचत गटातली एक भगिनी, धुणीभांडी करून संसार चालवणारी, शांतपणे म्हणाली, "ताई, कर्जाच्या कागदावर अंगठा लावायच्या आधी वाचून घ्या, असं तुम्हीच आम्हाला सांगता ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी वडीलधाऱ्यांनी निवाडा केला, नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचे. पण पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी अटी विहारात मोठ्याने वाचायच्या.

पुढच्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला आला. मावशी वॉकर धरून चालू लागल्या होत्या. या वेळी १६,००० रुपयांचे घर घेतले, ११ तारखेपासून तीन रात्री. माझ्या मुलीने अट वाचून दाखवली. प्रवेशाच्या पाच दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा, त्यानंतर निम्मी रक्कम. मावशींनीच विचारले, "पाच दिवस म्हणजे नेमके कधीपर्यंत?" शोधले तेव्हा कळले की, प्रवेशाची वेळ दुपारी दोनची, म्हणजे मुदत ६ तारखेच्या दुपारी दोनलाच संपणार, रात्री बारापर्यंत नाही. ती तारीख फळ्यावर लिहिली आणि अटींच्या पानाचा फोटो काढून पाचही घरी पाठवला.

८ तारखेला घरमालकाचा फोन आला. "पाण्याची पाइप फुटली आहे. तुम्ही बुकिंग रद्द करा, पैसे मी नंतर पाठवतो." आदल्या वर्षीची मी असते तर लगेच रद्द केले असते. पण मुदत उलटून गेली होती. आम्ही रद्द केले असते तर निम्मे पैसे गेले असते. मालकाने रद्द केले तर मात्र कंपनीच्या अटीप्रमाणे आमचे पूर्ण पैसे परत येणार होते. मी कंपनीच्या ॲपमधूनच लेखी कळवले, "आम्ही येणार आहोत. अडचण असेल तर आपण रद्द करावे." फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते. दोन दिवस काहीच उत्तर नाही. ११ तारखेला समृद्धी महामार्गाने आम्ही नागपूर गाठले. घर उघडून मिळाले आणि नळाला धो धो पाणी होते!

नंतर मी कायदाही वाचून काढला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला ई-कॉमर्सचे नियम आले. त्यानुसार आधीच खूण केलेला चौकोन ही तुमची संमती ठरत नाही. ग्राहकाने रद्द केल्यावर कंपनीला दंड घ्यायचा असेल, तर कंपनीने स्वतः रद्द केल्यास तिनेही तसाच भार सोसला पाहिजे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. नाही केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. घर नागपूरचे आणि कंपनी दिल्लीची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र भ्रमात राहू नका. जी अट स्पष्ट लिहिलेली होती आणि आपण होऊन मान्य केली, तिचे पैसे कायदा सहजासहजी परत मिळवून देत नाही. म्हणून खरी लढाई पैसे भरण्याच्या आधीची आहे.

आपल्याला या गोष्टी किरकोळ वाटू नयेत. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तिथे कुठल्या अटी होत्या आणि कुठे दाद मागायची होती? आज आपण आपल्या खऱ्या नावाने घर घेतो, करार आपल्याशी होतो, आणि तो मोडला तर आयोगाचे दार उघडे आहे. हा हक्क फुकट आलेला नाही. मग तो न वाचता एका बोटाच्या टिचकीने का घालवायचा?

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. मोबाईलवर 'मान्य आहे' म्हणण्याआधी एवढे तपासा: रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ कोणती, त्यानंतर किती कापतात, मालकाने रद्द केले तर काय, आणि पैसे कंपनीकडे जातात की परस्पर मालकाच्या खात्यात. परस्पर पैसे मुळीच देऊ नका.

दीक्षाभूमीवर स्तूपासमोर मावशींनी वॉकर बाजूला ठेवून हात जोडले. परतताना गाडीत मला म्हणाल्या, "बाई, या वेळी तीनशे नाही वाचवलेस, पण मला आणलंस."

जयभीम!