पाळण्यात न बसणाऱ्यांसाठी

मोठ्या उद्यानाची सहल ठरली की मुलांचं काम संपतं. कुठल्या पाळण्यात आधी बसायचं, कोण घाबरणार, कोण ओकणार, हे त्यांच्यात ठरून गेलेलं असतं. उतरायचं कुठे, हा प्रश्न मोठ्यांच्या वाट्याला येतो, आणि चाळीसगावात तो रेल्वेच्या वेळापत्रकापासून सुरू होतो.

आम्ही भुसावळ–मनमाड मार्गावरची माणसं. आमच्याकडून रात्री गाडीत बसलं की कल्याण येतं पहाटे, धड झोप झालेली नसताना. तिथून कर्जतची लोकल, मग खोपोली, आणि खोपोली–पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका. २०१३ साली ते सुरू झालं तेव्हापासून खानदेशातल्या पोरांच्या तोंडी ते नाव बसलं आहे. पण उद्यानाचं फाटक उघडतं उन्हं चांगली वर आल्यावर, आणि हॉटेलवाले खोली देतात दुपारनंतर. पहाटेपासून दुपारपर्यंत हे कुटुंब कोणाचंच नसतं. अंघोळ नाही, आजीला टेकायला जागा नाही, बॅगा हातात, आणि धाकट्याला नेमकं तेव्हाच जायचं असतं. स्टेशनाबाहेरच्या जुन्या लॉजच्या पाट्यांवर ‘२४ तास चेक-आउट’ असं का लिहिलेलं असतं, ते अशा पहाटे कळतं. तुम्ही पाचला आलात तर तुमचा दिवस पाचला सुरू. पंचतारांकित हॉटेलांना ही साधी माणुसकी परवडत नाही. त्यांचा दिवस दुपारी दोनलाच उजाडतो.

म्हणून आमच्याकडे या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होतं, ते म्हणजे नातेवाईक. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात खानदेशातली किती घरं आहेत ते तिथल्या पापड वाळत घातलेल्या गॅलऱ्या मोजल्या तर कळेल. दुसरी बाजू सुरत–उधन्याची. कोणाचा ना कोणाचा मामा, साडू, चुलतसासरा तिथं असतोच. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातीनं साऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांची झोप उडवली. त्या काळात इथल्या कुठल्या घरानं बोरिवलीत हॉटेल शोधल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तो विचारच कोणाच्या मनात येत नसे. पिशवीत बिबडे, उडदाचे पापड आणि भरताची वांगी घ्यायची, पहाटे मामाच्या दाराची कडी वाजवायची, अंघोळी उरकायच्या आणि खाडीवरची फेरीबोट गाठायची. दीड खोलीच्या त्या घरात पाहुण्यांना पलंग आणि यजमानांना स्वयंपाकघराची फरशी मिळत असे. कोणी तक्रार करत नसे, निदान पाहुण्यांच्या देखत तरी नाही.

त्याआधी तर मुक्कामाचा विषयच नव्हता. चाळीसगावच्या मुलाला पहिला मोठा पाळणा दिसायचा तो पीर मुसा कादरी बाबांच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या बामोशी बाबांच्या उरुसात. वर गेलं की गावातले दिवे, आणि खाली येताना पोटात खड्डा. उतरलं की चालत घरी. बाहेरगावचे येत ते लेकीकडे, बहिणीकडे येत. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या वाळवंटात भरते, तिथंही तेच. यात्रेत पाळणा असे, खेळणी असत, शेव–रेवडी असे, आणि झोपायला सोयऱ्यांचं अंगण. देव, खेळ, नातं आणि अंथरूण अशा चार गोष्टी एकाच जागी मिळत. उद्यानांनी त्यातला खेळ तेवढा उचलून कुंपणाच्या आत नेला. बाकीच्या तीन गोष्टींची सोय ज्याची त्यानं करायची.

हे कुंपण घालणाऱ्या पहिल्या मोठ्या माणसालाही मुक्कामाच्या प्रश्नानं नीट छळलं होतं. वॉल्ट डिस्नेनं १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभारलं तेव्हा सगळा पैसा आतच संपला. हॉटेल बांधायला हातात काही उरलं नाही. मग जॅक रॅदर या टीव्हीनिर्मात्यानं शेजारी डिस्नेलँड हॉटेल काढलं, आणि पाठोपाठ चहूबाजूंनी मोटेलांच्या चमकत्या पाट्या उगवल्या. पाळणे डिस्नेचे आणि रात्रीचं भाडं शेजाऱ्यांचं. हे त्याला इतकं झोंबलं की फ्लोरिडात दुसरं उद्यान करायचं ठरल्यावर त्यानं निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. फाटकाबाहेर दुसऱ्या कोणाला खाट टाकायला जागाच नको! ते उद्यान बघायला तो उरला नाही. पण १९७१ साली ते उघडलं तेव्हा सोबत स्वतःची हॉटेलं होती, आणि त्यातल्या एका हॉटेलाच्या पोटातून उद्यानाची मोनोरेल जात होती. आपल्याकडे तो धडा उशिरा, पण नेमका उचलला गेला. इमॅजिकाच्या दाराशी २०१५ साली नोव्होटेल हॉटेल उभं राहिलं.

आता नातेवाईक की हॉटेल, हा हिशेब आमच्याकडे मोठा मजेशीर होतो. वरवर पाहता मामाचं घर फुकट. पण मामाच्या घरी उतरून मामाच्या पोरांना घरी ठेवून इमॅजिकाला जाणं हे कोणत्याही धर्मात बसत नाही. त्यांना न्यावं लागतं. मामीलाही ‘चला ना’ म्हणावं लागतं, आणि तिनं ‘नको नको’ म्हटल्यावर आणखी दोनदा म्हणावं लागतं. तिकिटं आता पूर्वीसारखी नाहीत. मामाच्या घरच्या माणसांची तिकिटं धरली तर तेवढ्यात खोपोलीत बऱ्यापैकी खोली येते, वर गरम पाणी. शिवाय डोंबिवलीहून खोपोलीला जाऊन रात्री परत यायचं म्हणजे दिवसभर उभं राहिलेल्या पायांनी पुन्हा लोकलच्या दारात उभं राहणं. नातं टिकवायचं असेल तर हॉटेलात उतरावं आणि परतीच्या वाटेवर मामाकडे पापड पोचवावेत, असं आता आमच्याकडची शहाणी माणसं म्हणू लागली आहेत. मामीचंही मत वेगळं नसावं.

मग हॉटेल कुठलं? अगदी फाटकाशी महागाचं, खोपोली गावातलं साधं, की घाट चढून लोणावळ्यात, जिथं चिक्की आणि थंड हवाही पदरात पडते? सगळे सल्ले एकच सांगतात की जवळचं घ्या, वेळ वाचतो. दुपारी खोलीवर यायचं, पोरांना झोपवायचं, उन्हं उतरली की पुन्हा जायचं. सल्ला उत्तम, पण तो देणाऱ्यानं आमच्याकडची माणसं पाहिलेली नाहीत. एकदा तिकिटाचे पैसे मोजले की आम्ही दुपारी फाटकाबाहेर पडत नाही. भर उन्हात, टोपी घालून, लिंबूपाण्यावर, पण पैसे वसूल होईपर्यंत आत. म्हणजे ज्या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजले ती खोली दिवसभर एसी बंद करून रिकामी.

रिकामी राहत नाही ती एकाच घरी. ज्या घरात आजी बरोबर आलेली असते तिथं.

आणि इथं माझं मत सांगून टाकतो: मुक्काम निवडावा तो पाळण्यात न बसणाऱ्यासाठी. पाळण्यात बसणाऱ्याला कुठलीही जागा चालते. दिवसभर गरगरून आलेलं पोर लॉजच्या सतरंजीवरही मेल्यासारखं झोपतं. पण प्रत्येक कुटुंबात एक दोन माणसं अशी असतात की ज्यांची सहल उद्यानात नसतेच. गुडघे दुखणारी आजी, अंगावर पिणारं बाळ, इमॅजिकातल्या नायट्रो या रोलर कोस्टरच्या दाराशी उंचीच्या पट्टीत न बसलेला आणि त्या अपमानानं दिवसभर फुगलेला मधला. आणि बऱ्याचदा घरची बाई, जी सगळ्यांच्या चपला, चष्मे आणि मोबाइल सांभाळत बाकावर बसते. या सगळ्यांची सहल म्हणजे ती खोली. तीच अंधारी निघाली, जिने चढून जायची निघाली, खिडकी भिंतीवर उघडणारी निघाली, तर त्यांनी एवढा प्रवास फक्त राखणदारीसाठी केला असं होतं.

आमच्या शेजारच्या एका आजींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं. घरातले सगळे मोबाइलवर उद्यानाची चित्रं दाखवत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “माले पाळणास्मा बसनं नही भो, माले पडाले जागा दखाडा.” हॉटेलांच्या जाहिराती पाहा. त्यांत तरणतलाव असतो, नाश्त्याची टेबलं असतात, पांढऱ्या चादरीवर उड्या मारणारी मुलं असतात. संडासला कमोड आहे का आणि त्याच्या शेजारी धरायला दांडी आहे का, खोली तळमजल्यावर मिळेल का, सकाळी सहाला चहा कोणी देईल का, हे कुठे लिहिलेलं नसतं. ते फोन करून विचारावं लागतं, आणि पलीकडचा मुलगा बहुधा ‘सर, ते आल्यावर बघू’ म्हणतो.

घरच्या बाईचं तर वेगळंच. तिला हॉटेलची पायरी नको असते, कारण पैसे, आणि हवीही असते, कारण दोन दिवस कोणी ताट आणून समोर ठेवतं. नातेवाइकांकडे उतरलं की पुरुष आणि पोरं पाहुणे होतात, ती होत नाही. ती पहाटे उठून यजमानिणीबरोबर पोळ्या लाटते. हिशेबाच्या वहीत ‘मुक्काम: फुकट’ असं लिहिलेलं असतं, तो तिच्या हातच्या पोळ्यांवर मिळालेला असतो. हॉटेलची शिफारस करणाऱ्या कितीतरी नवऱ्यांना हे कारण सुचत नाही, आणि बायका ते बोलून दाखवत नाहीत.

मुक्कामाचा विषय चाळीसगावात निघाला की मला केकी मूस आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, विलायतेत कला शिकलेला हा पारशी छायाचित्रकार आमच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात राहायला आला आणि मग जवळजवळ अर्धं शतक क्वचितच त्या घराबाहेर पडला. पंजाब मेलनं कोणीतरी येणार होतं म्हणून ते वाट पाहत राहिले, अशी गोष्ट गावात सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, गावाला ती हवी आहे. मला त्यांच्या टेबल-टॉप छायाचित्रांचं नवल वाटतं. घरातल्या टेबलावर, हाताशी असतील त्या वस्तूंतून ते अख्खं निसर्गदृश्य उभं करत. बर्फाचं गाव, झाडं, धुकं, सगळं खानदेशच्या उन्हाळ्यात, दारं लावून. फोटो पाहणाऱ्याला वाटावं की हा माणूस युरोपभर हिंडला. इमॅजिकावाल्यांनी २०१६ साली खोपोलीच्या दमट हवेत बर्फाचं दालन उघडलं तेव्हा मला वाटलं, आमच्या गावात हे कधीच झालेलं आहे, तेही विजेच्या फारशा खर्चाशिवाय. मूस गेले ते १९८९ सालच्या शेवटच्या दिवशी, ज्या वर्षी गोराईचे पाळणे फिरू लागले त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मुक्कामाच्या बाबतीत इतका ठाम माणूस मी दुसरा ऐकलेला नाही.

तेवढा ठामपणा आपल्याला कुठला? हल्ली आमच्या बाजूचे बरेच लोक मधली वाट काढतात आणि शिर्डीला जातात. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोपरगावला उतरता येतं, नाहीतर नांदगाव–येवल्यावरून गाडी घालायची. शिर्डीत वेट अँड जॉय हा पाण्याचा बगीचा आहे आणि त्याला लागून साईतीर्थ, जिथं लंकादहनाचा खेळ चालू असताना खुर्च्या हलतात आणि म्हाताऱ्या हात जोडतात. दोन्ही संगमनेरच्या मालपाणींनी काढलेली. गाय छाप जर्दावाले म्हटलं की आमच्याकडे ओळख लवकर पटते. पुढे २०२२ साली इमॅजिकाही त्यांच्याच हाती आलं.

पण शिर्डीचा खरा फायदा खेळात नाही, खाटेत आहे. पाळण्यांच्या आधी तिथं भक्तनिवास होते. संस्थानची द्वारावती, साईआश्रम अशी मोठमोठी निवासं, जी बांधतानाच गृहीत धरलं होतं की येणारा माणूस थकलेला असेल, म्हातारा असेल, रात्री-अपरात्री पोचेल आणि त्याच्याबरोबर दहा जण असतील. खोली साधी असते, चादर चापूनचोपून बसवलेली नसते, पण प्रसादालयात पोटभर जेवण आहे आणि आजीला देऊळ आहे. मुलं पाण्यात, आजी आरतीला, बाई दोन घटका आडवी. यात्रेतल्या त्या चार गोष्टींपैकी नातं तेवढं मागं राहतं. तेही कोपरगावात कोणी निघालं तर सांगता येत नाही.

खोपोलीसारखा तिथं रोलर कोस्टर नाही, एवढी एक तक्रार घरातल्या मोठ्या मुलाची असते. ती रास्त आहे. बारावी झाल्यावर त्यानं मित्रांबरोबर खोपोलीला जावं, लॉजवर चौघांनी दोन खाटांत झोपावं आणि खर्च वाटून घ्यावा. त्या सहलीत मुक्कामाचा प्रश्न कोणाला पडणार नाही.

एक शेवटचं, व्यवहाराचं. उद्यानांच्या फाटकावर पिशव्या तपासतात आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आमच्या बाजूची बाई चार दिवसांच्या प्रवासाला निघाली तरी दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घेतल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाही. तो डबा फाटकावर अडकतो, आणि मग कोणीतरी तो खोलीवर ठेवून यायला परत फिरतं. खोली दूर असेल तर रिक्षाचं जाणं-येणं. जवळ असेल तर संध्याकाळी सगळे ओल्या केसांनी परततात, पलंगावर वर्तमानपत्र अंथरलं जातं, दशम्या निघतात, आणि हॉटेलचं मेन्यूकार्ड वारा घ्यायला कामी येतं. जवळची खोली घ्यावी की नाही, याचा निकाल आमच्या ओळखीतल्या एका घरानं निव्वळ या डब्यावर लावला. आजींची मात्र एवढीच अट होती की खोलीत कोणी पहाटे गजर लावायचा नाही.