मधला थांबा

मी बदलापूरला राहते आणि चिखलोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा आहे. सुटे भाग आणायला महिन्यातून एकदा तरी लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. परतताना अंबरनाथ सुटलं की आठेक किलोमीटर लोकल कुठेच थांबत नाही. याच टप्प्यात चिखलोली खिडकीतून सरकत जाते. कारखान्यांचे पत्रे, गोदामं, पावसाळ्यात मागचा हिरवा डोंगर. मांडीवरची पिशवी खरं तर तिथेच टाकायची असते. पण गाडी पुढे निघून जाते आणि मी बदलापूरला उतरून दुसऱ्या दिवशी रिक्षाने तीच पिशवी उलटी आणते.

माझ्या धंद्यात या तक्रारीला एक नाव आहे. चालत्या प्रोग्रॅममध्ये मनाला येईल तिथे उतरता यावं म्हणून जो थांबा लावतात, त्याला आम्ही ब्रेकपॉइंट म्हणतो.

माझं काम सांगायला जरा आडवळण घ्यावं लागतं. पंपाचा स्टार्टर, विजेचं मीटर, लिफ्टचं पॅनल, दवाखान्यातलं सलाइनचं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात नखाएवढा एक संगणक असतो. त्याला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. आपलं काय बिनसलंय हे त्याला सांगता येत नाही. तो फक्त चुकतो किंवा गप्प बसतो. असे संगणक घडवणं हे माझं अर्धं काम, आणि बिनसल्यावर त्यांच्याकडून खरं काढून घेणं हे उरलेलं अर्धं. दुसऱ्या अर्ध्याला वेळ जास्त जातो, पैसे कमी मिळतात आणि मजा तिथेच आहे.

कॉलेजात आम्ही ८०८५ च्या किटवर आकडे ठोकत शिकलो. नोकरीला लागले तेव्हा प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये भरायचे. चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. प्रोग्रॅम चुकला की चिप काढायची, अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पुसून झाली की पुन्हा भरायची आणि खिडकीवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे उजेडाने आतलं पुसलं जाऊ नये. एका दुरुस्तीला अर्धा तास लागे, त्यामुळे हात आखडता राहायचा. काय बदलायचं ते कागदावर दहादा तपासून मगच पेटीकडे जायचो. तेव्हा त्या पेटीचा राग यायचा; आता वाटतं, विचार करायची सवय तिनेच लावली. आत काय चाललंय हे कळायला आमच्याकडे एकच साधन होतं, एक एलईडी. प्रोग्रॅम इथवर पोचला तर दिवा लाव. लागला नाही तर आणखी अलीकडे शोध.

मोठ्या कंपन्यांकडे तेव्हाही इन-सर्किट एम्युलेटर असत. बोर्डावरचा प्रोसेसर काढून त्या जागी एम्युलेटरचा जाड पट्टा बसवायचा. मग ते पेटाऱ्याएवढं यंत्र प्रोसेसरचं सोंग घेऊन आतलं सगळं दाखवायचं. आमच्यासारख्यांनी ते फक्त प्रदर्शनात पाहिलं. पुढे चिपा इतक्या बारीक आणि वेगवान झाल्या की काढून पट्टा बसवणंच अशक्य झालं. वाट निघाली ती भलत्याच गरजेतून. बोर्डावरचे टाके नीट बसलेत की नाही हे सुईने टोचून तपासणं जमेना, म्हणून १९८५ मध्ये काही इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी एकत्र येऊन एक गट केला, जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप. चिपच्या आतूनच टाके तपासायची त्यांची चार-पाच तारांची पद्धत १९९० मध्ये प्रमाण ठरली आणि गटाच्या आद्याक्षरांवरून जेटॅग म्हणून रूढ झाली. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी ओळखलं की याच तारांवरून प्रोसेसरशीही बोलता येईल. आज एआरएमच्या छोट्या प्रोसेसरना त्यासाठी दोनच तारा पुरतात, एक घड्याळाची आणि एक निरोपाची.

पण त्या तारांच्या पलीकडे बोलणारं कुणी तरी हवं. माझ्या टेबलावर ते काम हातात मावणारी एक काळी डबी करते. तिचं नाव जे-लिंक. रोल्फ सेगर यांनी १९९२ मध्ये जर्मनीत सुरू केलेली सेगर ही कंपनी ती बनवते. ड्युसेलडॉर्फजवळच्या हिल्डेनमध्ये सुरुवात झाली, आता कंपनी मोनहाइमला आहे. तिचा मान मला वाटतो तो एवढ्यासाठी, की तिचं गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच, यंत्र बनवणारे. घरोघरी जाणारी वस्तू ती बनवत नाही. ती वस्तू बनवणाऱ्याच्या हातातली हत्यारं बनवते. सुताराला पटाशी करून देणाऱ्या लोहाराचा हा धंदा. पटाशी बोथट निघाली तर सुताराला ते पहिल्याच घावाला कळतं.

आमच्या धंद्यात मात्र ते लवकर कळत नाही. सुरुवातीला पैसे वाचवायला मी बाजारातून हुबेहूब तशीच दिसणारी एक नकली डबी आणली होती. ती चालायची, पण मधूनच वाचलेला आकडा चुकीचा द्यायची. दोन आठवडे मी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये नसलेली चूक शोधत बसले. पट्टी वाकडी असली की माणूस लाकडाला दोष देतो. तेव्हापासून घरखर्चाला कात्री लागली तरी चालेल, पण मोजायच्या साधनात काटकसर करायची नाही, हे ठरलं.

आता बाटल्यांची गोष्ट.

जवळच्याच एका कारखान्यात सिरपच्या बाटल्या भरणाऱ्या मशीनचा कंट्रोलर मी केला होता. पाइपात प्रवाहमापक. सिरप वाहू लागलं की तो टिक-टिक करत पल्स देतो. ५०० पल्स झाले की बाटली भरली, झडप बंद. सहा महिने सुरळीत गेले. मग मशीनचा वेग वाढवायला म्हणून मी प्रोग्रॅममध्ये थोडी सुधारणा केली, आणि त्यानंतर पाळीत एखाद-दुसरी बाटली अर्धीच भरून पुढे यायला लागली. बाकी सगळ्या चोख.

मी लॅपटॉप घेऊन गेले. संशय येईल त्या ठिकाणी सीरियल पोर्टवर आकडे छापायच्या ओळी घातल्या आणि दिवसभर बसले. एकही बाटली अर्धी आली नाही. ओळी काढून घरी आले, तर संध्याकाळी फोन आला, दोन आल्या.

लाइनच्या शेवटी बाटल्या तपासणाऱ्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बसलात की हे शहाण्यासारखं वागतंय. आमच्या धाकट्यासारखं."

दुसऱ्या दिवशी मी थोडा आगाऊपणा केला. ब्रेकपॉइंट लावला. म्हटलं, झडप बंद करायचा निर्णय होतो नेमक्या त्या ओळीच्या अलीकडे प्रोसेसर थांबवू आणि निवांत बघू. प्रोसेसर थांबला. पण थांबला तो फक्त प्रोसेसर. झडप उघडीच होती आणि ती बंद करणारा आता गोठून बसला होता. सिरप बाटलीतून पट्ट्यावर, पट्ट्यावरून फरशीवर आणि फरशीवरून माझ्या चपलेपर्यंत आलं, तेव्हा मावशींनीच धावत जाऊन हाताचा व्हॉल्व्ह फिरवला. त्या काही बोलल्या नाहीत. फडकं मात्र माझ्या हातात दिलं.

फरशी पुसताना जे कळलं, ते पुस्तकात वाचूनही कळलं नव्हतं. आपण थांबवतो तो प्रोग्रॅम. जग थांबत नाही. आणि छापायची ओळ घालणं हाही छोटा थांबाच असतो. एक ओळ छापायला काही मिलिसेकंद लागतात, आणि एरवी तेवढ्यात प्रोसेसर तोच आकडा शेकडो वेळा वाचून मोकळा झालेला असतो. मी ओळ घातली तेव्हा मशीन तेच राहिलं नव्हतं. मी एका संथ, सभ्य मशीनकडे बघत होते. चूक करणारं मशीन वेगळंच होतं.

असल्या चुकीला आमच्यात हायझेनबग म्हणतात, बघायला गेलं की नाहीशी होणारी. तिच्यासाठी थांबवण्यापेक्षा वेगळं साधन लागतं. सेगरच्या डबीत ते आहे, आरटीटी नावाचं. प्रोग्रॅमने आपला आकडा बाहेर पाठवत बसायचं नाही, स्वतःच्याच रॅमच्या एका कोपऱ्यात टाकून पुढे जायचं. हे काम एखाद्या मायक्रोसेकंदाचं. प्रोसेसर आपल्या गतीने धावत असतानाच डबी त्या कोपऱ्यातून आकडे उचलून आणते. चालत्या गाडीतून टपालाची थैली फलाटावर टाकावी आणि गाडीने वेगही कमी करू नये, तसं.

चौथ्या दिवशी दुपारी अर्धी बाटली आली आणि या वेळी मी बसलेली असतानाच आली. पडद्यावर पल्सची मोजणी एकेकाने वाढत होती, आणि एका ठिकाणी तिने एकदम उडी मारली होती. उडी ६५,५३६ ची. पुढच्याच वाचनात आकडा पुन्हा जागेवर.

हा आकडा दिसला की आमच्या जातीचा माणूस खुर्चीत ताठ होतो. ६५,५३६ म्हणजे दोनचा सोळावा घात. चिपमधला मोजणारा टायमर सोळा बिटांचा होता. ६५,५३५ नंतर तो शून्यावर येतो आणि त्या क्षणी दुसरा एक आकडा, वरचा, एकाने वाढवायचा असतो. मी आधी टायमर वाचत होते, मग वरचा आकडा. स्टेशनवरच्या घड्याळात ९:५९ झाले आहेत असं समजा. तुम्ही आधी मिनिटं वाचलीत, ५९. मान वळवेपर्यंत घड्याळ पलटलं, तास वाचलात, १०. तुमच्या डोक्यात १०:५९. घड्याळ दोन्ही वेळी खरंच बोललं, तुमची गाडी मात्र तासापूर्वीच सुटली. माझ्या प्रोसेसरनेही बाटली भरून गेली असं समजून झडप मिटली होती. वेग वाढवताना मी वाचन जलद केलं होतं, म्हणून तो नेमका पलटता क्षण आता अधिक वेळा सापडत होता. दुरुस्ती तीन ओळींची निघाली: आधी वरचा आकडा वाच, मग टायमर, मग वरचा पुन्हा, दोन्ही वेळचा वरचा आकडा जुळला नाही तर सगळं परत वाच.

मी सामान आवरत होते तेव्हा मावशींनी खोक्याचा एक पुठ्ठा पुढे केला. प्रत्येक अर्ध्या बाटलीला मशीनवर दिसणारा बाटल्यांचा आकडा त्यांनी पेन्सिलने लिहून ठेवला होता. पहिल्या दिवसापासून. "तुम्हाला पायजे का बघा, नायतर टाकते." मी उभ्या-उभ्या वजाबाक्या केल्या. दोन अर्ध्या बाटल्यांमधलं अंतर कुठे ३९३, कुठे ९१७, कुठे ६५५. सगळे एखाद-दोनच्या फरकाने १३१ च्या पाढ्यातले. आणि ६५,५३६ ला ५०० ने भागलं की येतात १३१.

म्हणजे उत्तर पहिल्या दिवसापासून पुठ्ठ्यावर होतं. मावशींनी काही थांबवलं नव्हतं, मशीनमध्ये काही घुसवलं नव्हतं. त्या आपलं काम करत होत्या आणि दिसलं ते लिहीत होत्या. मी मात्र कुणाला काही विचारण्याआधीच मशीनला हात घातला होता.

थोरामोठ्यांचीही यातून सुटका नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान अधूनमधून आपणहून रीसेट व्हायला लागलं. तिथे जाऊन ब्रेकपॉइंट कोण लावणार? पण प्रोग्रॅमचं आतलं टाचण करणारी सोय अभियंत्यांनी यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच राहू दिली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेत तीच चूक त्यांनी पुन्हा घडवून आणली, टाचण वाचलं आणि प्राधान्यक्रमाच्या गुंत्यावरचा उपाय इथून मंगळावर पाठवला. ते वाचल्यापासून मीही माझ्या प्रत्येक बोर्डात थोडी रॅम टाचणासाठी राखते. गिऱ्हाईक विचारतं, ही जागा रिकामी का? मी म्हणते, रिकामी नाही, पुठ्ठा आहे.

ब्रेकपॉइंटला मी नावं ठेवते असं नाही. रोजच्या दहातल्या आठ चुका त्यानेच सापडतात, आणि मोटरसारखं गोठवून न चालणारं काही असेल तर मुख्य काम थांबवून तातडीची कामं चालू ठेवायची सोयही आता असते. फक्त थांबा लावायच्या आधी मी एकदा विचारते, हे थांबलं तर पलीकडे काय सांडेल?

चिखलोलीला आता स्टेशन मंजूर झालंय, कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसोबत. गाळ्यातली मुलं खूश आहेत, मीही आहे. पिशवीची उलटी वरात संपेल. परवा डब्यात एक बाई मात्र कुरकुरत होत्या, आधीच वेळ, त्यात आणखी एक थांबा. त्यांचं चुकलं नाही. गाडी चिखलोलीला अर्धा मिनिट थांबली की बदलापूर सरकणार, वांगणी सरकणार, कर्जतहून परतणारी गाडी सरकणार. थांबा लावणाऱ्याला तो एका ठिकाणी दिसतो. वेळापत्रक सगळ्यांचं बदलतं.

मावशींचा पुठ्ठा मी मागून आणला. तो गाळ्यात काळ्या डबीच्या खुंटीशेजारी टांगलाय. नवा मुलगा कामाला आला की डबीला हात लावण्याआधी मी त्याला तो वाचायला देते आणि विचारते, काय दिसतं? मागच्या पावसाळ्यात आलेल्या मुलीला १३१ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दिसले. मला डबी हाताशी असून चार दिवस लागले होते.