वळवाची वाट
वैशाखांत आमच्या अहिल्यानगराकडे (2024 पर्यंतचें अहमदनगर, जिभेवर अजून 'नगर'च) "ऊन तापलें, आतां वळीव येणार," असा दिलासा जो तो दुसऱ्यास देतो. कांहीं वर्षीं ऊन तापतें, वळीव मात्र येत नाहीं. यांत उन्हाची कसूर नसते. ऊन हवेस वर ढकलतें. ढग भरावयास बाष्प लागतें, आणि तें आमच्या वाळल्या रानांत कोठून असणार? समुद्रावरील दमट वारे वायव्येच्या कोरड्या वाऱ्यांस जेथें भेटतात, ती रेषा बहुधा विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाकडे उतरते. ती पूर्वेस सरकली कीं आमच्या वाट्यास कोरडा वारा येतो. त्यांतून उंचावर उष्ण, कोरड्या हवेचा थर झांकणासारखा बसला, तर दुपारीं उठलेले ढग सायंकाळपर्यंत विरून जातात. गच्चीवरून हा तमाशा पाहतांना मला हें सारें शास्त्र ठाऊक असूनहि राग येतोच!

पावसाळ्यांत सह्याद्रि पाणी अडवितो. अकोल्याच्या घाटघरास धो धो, पाथर्डी-जामखेडास शिंतोडे. म्हणून नांगरटीआधींच्या दोन सरींचें मोल इकडे फार. मात्र पारनेरच्या कांदेवाल्यापुढें वळवाची स्तुति करूं नये. त्याचा कांदा उघड्यावर असतो. ढग दिसला कीं तो ताडपत्री शोधावयास धांवतो, आणि बांधापलीकडचा शेजारी त्याच ढगास हात जोडतो.