भाच्याची फटफटी

घरात लग्न काढावे, फार तर घराचे बांधकाम काढावे. पण वीस वर्षांच्या भाच्याला फटफटी निवडून देण्याचे काम कुणी अंगावर घेऊ नये, असे माझे मत आहे. लग्नाला निदान मुहूर्त तरी असतो!

आमच्या भाचेबुवांना साधी फटफटी नको होती. माळावरून, ढेकळांतून, नाल्यातून उड्या घेत जाणारी हवी होती. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या, त्या तो पाहून आला आणि तेव्हापासून त्याचे जेवणात लक्ष लागेना. प्रश्न एवढाच उरला होता, की गाडी टू-स्ट्रोक असावी की फोर-स्ट्रोक? “मामा, तुम्हीच सांगा,” म्हणाला. पण सांगण्याच्या सुरातच त्याचे उत्तर ठरलेले होते.

मला विचारण्याचे कारण असे, की बँकेच्या वसुलीपायी मी मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडची गावे एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीवरून तुडवलेली आहेत. पेट्रोलबरोबर तेल मोजून घालायचे, गाडी हलवून ते मिसळायचे आणि खिशात पेनाशेजारी एक जादा प्लग बाळगायचा. तेल जास्त झाले की प्लगला काजळी धरे, आणि गाडी नेमकी जिथे बाभळीचीसुद्धा सावली नाही तिथे बसकण मारी.

टू-स्ट्रोकचे गणित सोपे आहे. दट्ट्या एकदा वर, एकदा खाली गेला की एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये त्यासाठी दोन हेलपाटे. त्यामुळे त्याच मापाचे टू-स्ट्रोक इंजिन जोर अधिक काढते. वर झडपा नाहीत, म्हणून वजनाला हलके आणि उघडायला सोपे. पण पंगतीतून जेवलेल्यांना उठवताना नुकतेच पाटावर बसलेल्यांनाही हाताला धरून उठवावे, तसे त्यात होते. जळालेल्या वायूबरोबर ताजे मिश्रणही थोडेसे निसटते. पेट्रोल वाया जाते, आणि तेलाचा धूर होतो तो वेगळाच. २००० सालच्या प्रदूषणाच्या नियमांनंतर आपल्याकडच्या दुकानांतून या गाड्या हळूहळू गेल्या, त्या उगीच नव्हे. शर्यतवाल्यांनीही पुढे कूस बदलली. १९९७ साली अमेरिकेत लास व्हेगासला डग हेन्रीने यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉसची शर्यत मारली, तेव्हापासून वारे फिरले.

भाच्याला मात्र या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. त्याची नजर घरातल्याच एका गाडीवर होती.

ही गाडी दाजींची. आरएक्स १००, १९९४ ची. दाजी यंत्रमागाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असत. रात्री उशिरा सात रस्त्याच्या बाजूने तो टणटणीत आवाज आला, की आमची बहीण तवा चढवी. आवाज आणि भाकरी यांत पाच मिनिटांचे अंतर. दाजी आजाराने गेले, त्याला सहा वर्षे झाली. गाडी पडवीत सोलापुरी चादरीखाली उभी आहे. चिरंजीवांचा बेत असा, की तिचे दिवे काढायचे, मडगार्ड कापायचे, मागचा सांगाडा उचलायचा आणि तिलाच माळावर न्यायचे. अशोक चौकाकडच्या आमच्या मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, “होईल साहेब, सगळं होईल. पण एकदा कापलं की आरटीओत नोंदणी पुन्हा करून मिळायची नाही. आणि पोराला अजून क्लच कुठं धरायचा ते कळंना.”

हे शेवटचे महत्त्वाचे. टू-स्ट्रोक खालच्या वेगात मरगळलेली असते आणि एका क्षणी अंगात आल्यासारखी सुटते. मुरलेल्या हाताला त्यातच मौज वाटते. नवशिक्याला ती ढेकळांवर पाडते. उतारावर थ्रॉटल सोडला तरी इंजिन म्हणावे तसे रोखून धरीत नाही. फोर-स्ट्रोक बैलासारखी हळू चालते, पण चालते. तिचे दोष आहेत. एक्सपल्स २०० घ्या. २०१९ पासून मिळते. पण वजन दीडशे किलोंच्या वर आणि बैठक सव्वाआठशे मिलिमीटर उंच. आमच्या बुटक्या भाच्याचा एकच पाय जमिनीला लागतो, तोही चवड्यावर. आडवी पडली की उचलताना घाम फुटतो.

तरी मी तीच, वापरलेली, घ्यायला सांगितली. त्याआधी हेल्मेट, बूट आणि गुडघ्यांचे रक्षक, मग गाडी, असा क्रम लावून दिला. त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नान्नजच्या माळावर जायचे नाही, हीही ताकीद दिली. ती माळढोकाची जागा, अभयारण्य आहे. केगावकडे एका मित्राचे पडीक रान आहे, तिथे तो जातो. पहिल्याच पावसानंतर काळी माती चाकात अशी भरली, की चाक मडगार्डात अडकून बसले, आणि बुवा काठीने चिखल उकरीत संध्याकाळपर्यंत तिथेच!

राहिली पडवीतली गाडी. एक गिऱ्हाईक लाखाच्या घरात रक्कम सांगून गेले. पैशांची घरात गरज नाही असे नव्हे. बहिणीची शिवणाची मिळकत ती केवढी? तिला विचारले, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “विकायची नाही दादा, अन् कापायची तर नाहीच. आठवड्यातून एकदा सुरू करीत जा म्हणावं त्याला. फक्त रात्री नको.”