सावलीतली दोन झाडं

‘आमच्याकडे ऊनच येत नाही, मग झाडं कुठली लावायची?’ पुण्यात लोकांच्या बाल्कन्या आणि घरातल्या कुंड्या सांभाळण्याचं काम करताना हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्यावर मी दोन नावं सुचवते: ॲग्लोनिमा आणि कॅलाथिया. थेट ऊन दोघांनाही सोसत नाही, दोन्ही झाडं पानांच्या देखणेपणासाठी लावायची, आणि जीव लावला तर दोन्ही वर्षानुवर्षं टिकतात. उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांमध्ये ती एकाच हिरव्या जाळीखाली शेजारी-शेजारी दिसतात. म्हणून घरी आणल्यावर लोक दोघांना एकच नियम लावतात आणि काही दिवसांतच त्यातलं एक जातं. पाणी घालायची हौस असणाऱ्याच्या घरी ॲग्लोनिमा जातो. पाणी घालायला विसरणाऱ्याच्या घरी कॅलाथिया जातो.

या दोघांची घराणीच वेगळी. ॲग्लोनिमा अळू-सुरणाच्या कुळातला, आशियातल्या उष्ण, दमट जंगलांतून आलेला. त्याला कधीमधी फूल येतं तेव्हा नातं लगेच पटतं: फिकट हिरव्या पडद्याआड उभा असलेला तो दांडा अळूच्या फुलातही असतो. अळूच्या फतफत्यात आपण ज्या खाजेपायी चिंच घालतो, तिच्यामागचे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक ॲग्लोनिमातही असतात. त्यामुळे छाटणी झाली की हात धुवायचे, आणि घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवायची.

कॅलाथिया हळद, कर्दळ आणि केळीच्या गोतावळ्यातला, अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांत मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारा. त्याचं नवं पान केळीच्या पानासारखंच सुरळी होऊन वर येतं. मुलांना आणि मांजरांना त्याच्यापासून धोका नाही. 2012 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅलाथियाच्या बहुतेक जाती गोएपर्टिया या प्रजातीत हलवल्या, तेव्हा कुंडीवरच्या चिठ्ठीत ते नाव दिसलं तर झाड तेच आहे असं समजा.

घराणं कळलं म्हणून देखभाल कळली असं मात्र होत नाही. अळू मोरीच्या पाण्यावर पोसतं, ॲग्लोनिमाला ते अजिबात चालत नाही. त्याचं खोड जाड आणि मुळं मांसल असतात. त्यांत पाण्याची बेगमी असते, त्यामुळे थोडी तहान तो सहज काढतो. माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग खालची पानं एकामागून एक पिवळी पडतात आणि खोड बुडाशी मऊ लागतं. पिवळं पान म्हणजे पाणी कमी पडलं, असं समजून लोक आणखी पाणी घालतात, आणि झाड तिथेच संपतं. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा. तिथपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी घाला, तेही भरपूर, आणि खाली ताटलीत साठलेलं ओतून द्या. या झाडाला मातीची कुंडी उत्तम. बागेतली माती, कोकोपीट आणि विटांचे बारीक तुकडे सारख्या प्रमाणात घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड.

‘सावली’ म्हणजे नेमकी किती, हेही तपासून घ्यावं. भर दुपारी कुंडीच्या जागी हात आडवा धरा. हाताची पुसट सावली पडली तर ती झाडांची सावली. काहीच पडली नाही तर तो अंधार, तिथे फक्त हिरव्या-चंदेरी पानांचा ॲग्लोनिमा कसाबसा तग धरतो. लाल-गुलाबी पानांच्या वाणांना जास्त उजेड लागतो. 1980च्या दशकात इंडोनेशियात ग्रेगरी हंबाली यांनी सुमात्रातल्या एका जातीचा संकर करून ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ हा लाल छटेचा वाण तयार केला, आणि पुढे लाल ॲग्लोनिमाची हौस सगळीकडे पसरली. तो लाल रंग अंधाऱ्या कोपऱ्यात टिकत नाही. नवी पानं फिकी येऊ लागली की कुंडी खिडकीकडे सरकवा. थंडीही याला बाधते. पारा 15 अंशांखाली गेला की पानांवर करडे डाग पडतात, म्हणून पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री त्याला बाल्कनीतून आत घ्यावं.

कॅलाथियाचं दुखणं हवेत असतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. कॅलाथियाला साठ टक्क्यांच्या वर बरं वाटतं. म्हणून मुंबईत आणि कोकणात तो सुखात असतो आणि इकडे उन्हाळ्यात त्याच्या पानांच्या कडा करपतात. पाण्याचे फवारे मारून तेवढ्यापुरतं भागतं, पाच-दहा मिनिटांत हवा पुन्हा कोरडी. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, खाली खडे आणि पाणी भरलेली ताटली ठेवा, एसीच्या झोतापासून लांब न्या. वरची माती जेमतेम सुकली की पाणी द्या. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मातीत साठतात आणि पानांची टोकं जाळतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर याच्यासाठी राखून ठेवा. खतही बेताचं: 19:19:19 द्यायचं तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, आणि फक्त वाढीच्या दिवसांत. पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर ती कोळी किडीची. पानं ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या आणि वर नीमतेल फवारा.

एवढं करूनही कॅलाथिया का ठेवायचा, याचं उत्तर संध्याकाळी मिळतं. देठ जिथे पानाला मिळतो तिथे एक फुगीर, गुळगुळीत सांधा असतो, हाताला लगेच कळतो. अंधारू लागलं की या सांध्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरतं, दुसऱ्या बाजूच्या आकसतात, आणि पान वर उचललं जातं. तासाभरात सगळी पानं उभी राहतात आणि त्यांची जांभळी पाठ दिसू लागते. सकाळी ती पुन्हा आडवी होतात. हा रोजचा उठाव मंदावला की झाडाला पाणी किंवा उजेड कमी पडतोय हे ओळखावं. पान करपायच्या कितीतरी आधी हा सांधा सांगतो.

रोपं वाढवायची पद्धतही वेगळी. ॲग्लोनिमा वयानुसार खाली उघडा पडतो. शेंडा वीतभर छाटून पाण्यात ठेवला की काही आठवड्यांत मुळं फुटतात आणि उरलेल्या खुंटालाही कोंब येतात. कॅलाथियाला असं खोड नसतं, त्याचं पान नुसतं पाण्यात ठेवून काही उपयोग नाही. जूनमध्ये पाऊस लागला की कुंडी रिकामी करून गड्डा मुळांसकट विभागायचा, हळदीचा वेगळा करतो तसाच.

माझा सल्ला सरळ आहे. पहिलंच झाड असेल, घरी माणसं कमी असतील, गावाला जाणं-येणं होत असेल, तर हिरवा ॲग्लोनिमा घ्या. रोज झाडांपाशी दोन मिनिटं थांबणं होत असेल तर कॅलाथिया जरूर घ्या, पण जूनमध्ये. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तो तुमच्या घरात रुजतो आणि पुढचा उन्हाळा काढायची ताकद कमावतो. मार्च-एप्रिलमध्ये नर्सरीत तो कितीही देखणा दिसला तरी तेवढं थांबा.